बहिःसारण : शब्दाचा अर्थ आणि उगम

बहिःसारण : घन वा अर्धघन पदार्थ बंद पात्रात ठेवून त्यावर मागून दाब देणे आणि पात्राच्या तोंडाशी बसविलेल्या ठराविक आकाराच्या छिद्रातून तो बाहेर लोटणे, या क्रियेस बहिःसारण म्हणतात. इंग्रजीतील ‘एक्स्ट्रूजन’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. छिद्र पाडलेल्या कठीण ठोकळ्यास किंवा चकतीस मुद्रा असे नाव आहे. बाहेर पडणाऱ्या वस्तूचा आडवा छेद मुद्रेतील छिद्रासारखा असतो व तो लांबीभर बदलत नाही. वस्तूची लांबी मात्र पात्रात किती माल भरला आहे यावर अवलंबून असते. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, पाण्याचे प्लॅस्टिकचे नळ, विजेच्या तारेवरील आवरण, शेव आणि चकली यांत एरवी काही साम्य नाही. परंतु त्या सर्व याच एका क्रियेने तयार होतात.

या व्याख्येतील ‘मागून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सोनार जंतराच्या छिद्रातून तार काढतो, तेव्हा तो तिचे टोक पकडीत धरून पुढून ओढतो. तेथेही छिद्र असते, छेद घटतो, लांबी वाढते. तरी ते बहिःसारण नव्हे. ओढलेल्या तारेत ताण निर्माण होतो आणि तो तारेला सोसवेनासा झाला की तार तुटते. म्हणून एका वेळी ती थोडीच बारीक करता येते व एकाहून एक लहान छिद्रांतून पुनःपुन्हा काढावी लागते. मागून लोटलेल्या धातूस पात्राच्या भिंतींनी सर्व बाजूंनी वेढलेले असते. त्यावर मुख्यतः संपीडक प्रतिबले कार्य करतात. त्यामुळे एरवी तडकणारे काही धातूही अखंड राहून वाहतात आणि एकाच खेपेत छेद मूळच्या विसाव्या हिश्श्यापर्यंत, प्रसंगी त्याहूनही लहान, करता येतो. ओढणे आणि लोटणे यांतील हा भेद यंत्रशास्त्राने पुढे गणिताने मांडला. शब्दाच्या मूळ क्रियापदात तो आधीपासूनच होता.

व्युत्पत्ती : ‘एक्स्ट्रूजन’ हा शब्द ‘एक्स्ट्रुडेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. त्यातील ‘एक्स’ या उपसर्गाचा अर्थ बाहेर आणि ‘ट्रुडेरे’ या क्रियापदाचा अर्थ ढकलणे, रेटणे, लोटणे असा आहे. याच क्रियापदास निरनिराळे उपसर्ग लागून इंग्रजीत शब्दांचे एक कुटुंबच तयार झाले आहे : आत घुसणे या अर्थाचा ‘इंट्रूड’, पुढे डोकावणे या अर्थाचा ‘प्रोट्रूड’, नको असता दुसऱ्यावर लादणे या अर्थाचा ‘ऑब्ट्रूड’. दुर्बोध या अर्थी वापरला जाणारा ‘ॲबस्ट्रूस’ हा शब्दही त्याच कुळातील असून त्याचा मूळ अर्थ दूर ढकलून दडविलेला असा आहे. धमकी या अर्थाचा ‘थ्रेट’ हा शब्द लॅटिनमधून आलेला नसला, तरी भाषाशास्त्रज्ञ त्याचाही संबंध दाबणे, रेटणे या अर्थाच्या त्याच प्राचीन इंडो-यूरोपीय मुळाशी जोडतात.

लॅटिनमध्ये हे क्रियापद वस्तूंपेक्षा माणसांच्या संदर्भात अधिक वापरले जाई. घरातून किंवा गावातून एखाद्यास हुसकावून लावणे, नको असलेल्या पाहुण्यास दाराबाहेर काढणे, असे त्याचे उपयोग आढळतात. रोमन कवी होरेस (इ. स. पू. ६५–८) याने एका पत्रकाव्यात ते विक्रेत्याच्या तोंडी शोभेल अशा अर्थाने योजले आहे : हातातील माल कसाबसा खपविणे, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो हकालपट्टी याच अर्थाने. पदावरून दूर करणे, मालमत्तेतून बेदखल करणे असा त्याचा आशय होता. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) यांच्या १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी शब्दकोशात ‘एक्स्ट्रूड’ याचा अर्थ बळाने बाहेर घालविणे असाच दिला असून धातू, मुद्रा किंवा नळ यांचा त्यात मागमूस नाही. तसा तो असण्याचे कारणही नव्हते; शिशाचे नळ अशा रीतीने काढण्याची कल्पना कागदावर येण्यास अजून चार दशके होती.

शास्त्रीय परिभाषेत हा शब्द भूविज्ञानातही स्थिरावला. पृथ्वीच्या पोटातील शिलारस भूपृष्ठावर येऊन पसरणे यास एक्स्ट्रूजन आणि तो इतर खडकांच्या भेगांत किंवा थरांत घुसून आतच थिजणे यास इंट्रूजन म्हणण्यात येऊ लागले. महाराष्ट्राचा फार मोठा भाग अशा बाहेर पडलेल्या शिलारसाचाच बनलेला आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूवैज्ञानिक कालगणनेत अल्प ठरणाऱ्या अवधीत, थरावर थर साचून दख्खन ट्रॅप तयार झाले. आज ते सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर आढळतात आणि सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांत त्यांचे थर स्पष्ट मोजता येतात. शिलारस थिजून उभ्या राहिलेल्या काळ्या पाषाणाच्या भित्ती ही त्याच्या आत घुसण्याची खूण होय. येथे मुद्रा नाही, दट्ट्या नाही, ठरलेला छेद नाही. आतून बाहेर रेटला जाणे एवढा मूळ अर्थ मात्र शाबूत आहे.

मराठी संज्ञा ‘बहिः’ आणि ‘सारण’ या दोन संस्कृत पदांची बनली आहे. सारण हे ‘सृ’ म्हणजे सरणे, सरकणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध होते. परंतु सारणे हे क्रियापद मराठीत केवळ पोथीतले नाही. अडगळ बाजूला सारणे, पडदा मागे सारणे, विषय दूर सारणे असे प्रयोग रोजच्या बोलण्यात आहेत आणि त्यांत लोटण्याचाच भाव आहे. परिभाषा घडविताना बहुधा लॅटिन पदाचा संस्कृत पदाने अनुवाद होतो व तो वाचकाला मुळाइतकाच परका राहतो. येथे सुदैवाने अनुवादाचा पाय बोलभाषेत टेकला आहे. सांडपाण्यासाठी रूढ झालेला ‘निःसारण’ हा शब्द याच घडणीचा असला, तरी त्यात आकार देण्याची कल्पना नाही. नको ते काढून टाकणे एवढेच त्यात आहे. लॅटिन शब्दाच्या मूळ अर्थाशी त्यामुळे तोच अधिक जवळचा ठरतो.

इतर यूरोपीय भाषांनी याच क्रियेला वेगळ्या बाजूने पाहून नावे दिली. जर्मन भाषेत धातूंच्या बहिःसारणास ‘श्ट्रांगप्रेसेन’ म्हणतात. त्यातील ‘श्ट्रांग’ म्हणजे दोरखंड किंवा सलग लांब पट्टा; म्हणजे लक्ष बाहेर पडणाऱ्या वस्तूकडे आहे. फ्रेंचमधील ‘फिलाज’ हा शब्द ‘फिल’ म्हणजे सूत यापासून निघाला असून सूत कातण्यासही तोच शब्द आहे. इंग्रजीने मात्र ज्यातून वस्तू काढली जाते ती लोटण्याची कृतीच नावात धरली.

शब्दाआधीची क्रिया : महाराष्ट्रातील घरोघरी असलेला सोऱ्या हे बहिःसारणाचे संपूर्ण यंत्र आहे. लाकडी वा पितळी नळकांडे हे त्याचे पात्र, तळाशी बसविलेली भोकांची चकती ही मुद्रा आणि वरून दाबला जाणारा दांडा हा दट्ट्या. चकलीच्या चकतीतील चांदणीच्या आकाराच्या छिद्रामुळेच चकलीला काटे येतात आणि ते वेटोळ्याच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सारखे राहतात. लांबीभर छेद न बदलण्याचा नियम याहून सोप्या रीतीने दाखविता येणार नाही. पीठ सैल झाले तर काटा उठत नाही, घट्ट झाले तर कडा फाटून तुकडे पडतात. धातूच्या बाबतीत तापमान साधून जे करावयाचे, ते येथे भाजणी, मोहन आणि पाणी यांच्या प्रमाणाने साधले जाते. सोऱ्यात पीठ भरण्यापूर्वी त्याला आतून तेलाचा हात लावतात. कारखान्यात पात्राच्या भिंतीला वंगण देण्याचे प्रयोजन तेच आहे. शेव, कुरडई आणि चकली ही एकाच यंत्रातून केवळ चकती बदलून निघतात, हेही मुद्रेचे मर्म होय.

इटलीत नेपल्सच्या परिसरात मॅकरोनी करण्यासाठी मळसूत्री दाबयंत्रे सतराव्या शतकापासून प्रचारात होती. मॅकरोनी पोकळ असते. छिद्राच्या मधोमध खिळा रोवून त्याच्या भोवतीच्या कंकणाकृती फटीतून कणीक बाहेर आणली की नळी तयार होते. शिशाचे नळ काढताना अभियंत्यांना हीच युक्ती पुन्हा योजावी लागली. बहिःसारणाचे इतिहास बहुधा पेटंटांच्या यादीवरून लिहिले गेले असल्याने त्यांचा आरंभ १७९७ या वर्षापासून होतो. स्वयंपाकघर आणि कुंभारकाम त्यांत येत नाही. हा दोष क्रियेच्या स्वरूपाचा नसून इतिहास कोठून पाहिला याचा आहे.

शिशाचे नळ : रोमन लोक शिशाचा पत्रा दांड्याभोवती वाकवून आणि त्याच्या कडा सांधून नळ करीत. नळकाम करणाऱ्यास इंग्रजीत प्लंबर म्हणतात, ते शिशाच्या ‘प्लुंबुम’ या लॅटिन नावावरून. सांधा हे अशा नळाचे दुबळे स्थान होते. इंग्रज यंत्रज्ञ जोझेफ ब्रामा (१७४८–१८१४) यांनी १७९७ मध्ये विनासांध्याचे आणि हव्या त्या लांबीचे शिशाचे नळ काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. न फोडता येणारे कुलूप व बीअर खेचण्याचा पंप यांसाठीही प्रसिद्ध असलेल्या या कल्पक गृहस्थांनी त्यापूर्वी दोनच वर्षे, १७९५ मध्ये, द्रवीय दाबयंत्राचे पेटंट मिळविले होते. परंतु नळाच्या यंत्रात त्यांनी ते वापरले नाही. त्यांच्या आराखड्यात शिसे भट्टीवर वितळलेले ठेवून पंपाने लांब नळीत ढकलले जाई व तेथे ते थिजत बाहेर पडे. म्हणजे ते ओतकाम आणि बहिःसारण यांच्या सीमेवरचे यंत्र होते. त्यांना या पद्धतीचा जनक म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा मानावा लागेल.

उरलेला अर्धा भाग इंग्लंडमधील श्रूझबरी येथील टॉमस बर या प्लंबरच्या वाट्याला जातो. १८२० मध्ये त्यांनी शिसे पात्रात ओतून घट्ट होऊ दिले आणि मग द्रवीय दाबयंत्राच्या दट्ट्याने ते घन अवस्थेतच मुद्रेतून बाहेर लोटले. दाबयंत्र ब्रामा यांच्याच शोधावर आधारलेले होते. नळाला पोकळी आणणारा दांडा दट्ट्यालाच जोडलेला असे. घन धातू न वितळता, न तुटता पाझरल्यासारखा छिद्रातून वाहू शकतो, हे येथे प्रत्यक्ष व्यवहारात सिद्ध झाले. त्या काळी या क्रियेला एक्स्ट्रूजन म्हणत नसत. कारखान्यात ती ‘स्क्वर्टिंग’ म्हणजे पिचकारी मारणे या नावाने ओळखली जाई. लॅटिन संज्ञेला अजून हकालपट्टीचाच वास येत होता आणि कामगारांनी डोळ्यांना जे दिसले त्यास साजेसे नाव दिले होते. ते अचूक नव्हते, कारण पिचकारीतून द्रव उडतो. तरी नाव म्हणून ते लगेच समजणारे होते.

या नळांनी शहरांच्या जीवनात घडविलेला बदल उभयविध होता. विनासांध्याचा, वाकविता येणारा आणि स्वस्त नळ मिळू लागल्याने एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेतील शहरांत घरोघरी पाणी खेळविणे सुकर झाले. त्याबरोबर मृदू किंवा आम्लधर्मी पाण्यात विरघळणारे शिसेही घरोघरी पोहोचले. शिशाचा मज्जासंस्थेवर, विशेषतः बालकांच्या मेंदूच्या वाढीवर, विपरीत परिणाम होतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलताना नळांचे क्षरण रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही आणि जुन्या नळांतील शिसे पिण्याच्या पाण्यात उतरले. टॉमस बर यांच्या यंत्रानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनीही त्या तंत्राच्या पहिल्या मालाचा हिशेब पुरता मिटलेला नव्हता.

घनाचा प्रवाह : शिसे नक्की कसे वाहते, याचा शोध फ्रेंच अभियंते आंरी त्रेस्का (१८१४–८५) यांनी घेतला. त्यांचे प्रयोग पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे १८६४ पासून मांडले गेले. शिशाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून ती चळत ते पात्रात ठेवीत, तिचा काही भाग छिद्रातून बाहेर लोटीत आणि मग अख्खी चळत उभी चिरून पाहत. चकत्यांच्या सरळ रेषा आता छिद्राकडे खेचलेल्या वक्रांत बदललेल्या दिसत : मधला भाग वेगाने पुढे गेलेला, भिंतीलगतचा मागे रेंगाळलेला आणि कोपऱ्यांतला तर जागचा फारसा हललेलाच नाही. या विषयाला त्यांनी घन पदार्थांचा प्रवाह असे नाव दिले. त्यावेळी ते विरोधाभासी वाटले असले पाहिजे. यातूनच धातू केव्हा आकार्य बनून वाहू लागतो हे सांगणारा, महत्तम कर्तन प्रतिबलाचा निकष निघाला. तो आजही त्रेस्का यांच्याच नावाने ओळखला जातो. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या नावांत त्यांचेही नाव आहे.

गटापर्चा आणि समुद्री तारा : शिसे सोडता या तंत्राला खरी गती दिली ती एका झाडाच्या चिकाने. मलाया, सुमात्रा, बोर्निओ या प्रदेशांतील वृक्षांपासून मिळणारा गटापर्चा हा पदार्थ १८४३ मध्ये लंडनमध्ये पोहोचला. तो गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवतो आणि खाऱ्या पाण्यात विजेचा उत्तम निरोधक ठरतो. १८४५ मध्ये हेन्री ब्यूली व रिचर्ड ब्रूमन यांनी गटापर्चाच्या नळ्या काढण्याचे यंत्र केले. जर्मनीत व्हेर्नर झीमेन्स (१८१६–९२) यांनी १८४७ मध्ये तांब्याच्या तारेभोवती गटापर्चाचे विनासांध्याचे आवरण चढविणारे दाबयंत्र योजले. मॅकरोनीत खिळा जागेवर असतो आणि त्याच्या भोवतीची कणीक सरकते. येथे मधल्या खिळ्याऐवजी तारच सरकत ठेवली आणि ती आवरणासह बाहेर येऊ लागली. आजही विजेच्या तारा मूलतः याच रीतीने झाकल्या जातात.

इंग्लंड व फ्रान्स यांमधील पहिली समुद्री तार १८५० मध्ये टाकली गेली व लगेच तुटली; १८५१ मधील प्रयत्न यशस्वी झाला. १८७० मध्ये सुएझ व एडन यांमार्गे मुंबई लंडनशी समुद्री तारेने जोडली गेली. एडन ते मुंबई ही तार ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने अंथरली. त्यानंतर वार्ता काही तासांत येऊ लागली. कापसाच्या भावापासून सरकारी हुकमापर्यंत सर्व व्यवहाराचा वेग बदलला. पण गटापर्चाचा चीक काढण्यासाठी वृक्ष तोडला जाई आणि एका वृक्षातून फारच थोडा चीक निघे. तारांची लांबी हजारो किमी. झाली तशी ती जंगले विरळ होत गेली व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गटापर्चा दुर्मिळ झाला. तारायंत्राच्या गौरवकथांत या वृक्षतोडीचा उल्लेख क्वचितच सापडतो.

दट्ट्याच्या यंत्राला एक मर्यादा होती : पात्र रिकामे झाले की काम थांबे. १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये मॅथ्यू ग्रे यांनी पात्रात फिरणारे मळसूत्र बसवून माल अखंड पुढे रेटणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. रबर व पुढे प्लॅस्टिक यांच्या उद्योगाचा पाया हेच यंत्र ठरले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडचे फ्रांस्वा बोरेल यांनी विद्युत् केबलीवर थेट शिशाचे वेष्टन चढविणारे दाबयंत्र सिद्ध केले.

पिचकारीचे नाव मात्र अजून टिकून होते. जोझेफ स्वॉन (१८२८–१९१४) यांनी १८८३ मध्ये विजेच्या दिव्यातील कार्बनी तंतूसाठी नायट्रोसेल्युलोजाचा विद्राव बारीक छिद्रांतून द्रवात सोडून धागे काढले, तेव्हा त्या धाग्यांनाही पिचकारीने काढलेले तंतू असेच म्हटले गेले. त्यांतील काहींचे विणकाम करून ते १८८५ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ठेवण्यात आले. कृत्रिम धाग्यांच्या उद्योगाने पुढे पिचकारी आणि एक्स्ट्रूजन ही दोन्ही नावे सोडून कातणे हे वस्त्रोद्योगातील जुने नाव घेतले. नायलॉन व पॉलिएस्टर यांचे धागे चाळणीसारख्या मुद्रेतून दाबाने लोटले जातात. तेथे पेळू नाही, पीळ देणारी चाती नाही. तरी ते कातलेलेच म्हणविले जातात. एकाच क्रियेची शाखा नावामुळे दुसऱ्या घराण्यात दत्तक गेल्याचे हे उदाहरण आहे.

पितळ, ॲल्युमिनियम, पोलाद : शिसे आणि कथिल मऊ असल्याने कमी तापमानास वाहतात. पितळेसाठी ६००° ते ८००° से. तापमान लागते आणि तेवढ्या उष्णतेत पात्र व मुद्रा यांचाच टिकाव लागणे अवघड होते. अलेक्झांडर डिक यांनी १८९४ मध्ये ही अडचण सोडविली. त्यांनी एकात एक बसविलेल्या नळकांड्यांचे, मध्ये उष्णतारोधक द्रव्य भरलेले पात्र वापरले व तांब्याच्या मिश्रधातूंचे दांडे आणि पट्ट्या काढून दाखविल्या. धातूंच्या उष्ण बहिःसारणाचा आधुनिक इतिहास येथून सुरू होतो. याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याचा आरंभ या संधिकाळात, पिचकारीचे नाव मागे पडून एक्स्ट्रूजन ही संज्ञा धातुउद्योगात रूढ झाली. कारखान्याची भाषा जाऊन अभियांत्रिकी विद्यालयांची भाषा आली, एवढेच याचे कारण नसावे. निरनिराळ्या धंद्यांत वेगळ्या नावांनी चाललेल्या क्रिया मुळात एकच आहेत हे ओळखल्यावर, शिसे, पितळ, रबर या सर्वांना चालेल असा शब्द हवा होता. कोणत्याही एका पदार्थाचे चित्र ज्यात नाही असा लॅटिन शब्द त्या गरजेस पुरा पडला.

ॲल्युमिनियमचे बहिःसारण अमेरिकेत १९०४ मध्ये सुरू झाले. सु. ४५०° ते ५००° से. तापमानास हा धातू सुलभतेने वाहतो आणि त्याच्या मुद्रा गुंतागुंतीच्या छिद्रांच्याही करता येतात. म्हणून आज बहिःसारित धातूंमध्ये त्याचेच प्रमाण सर्वाधिक आहे. पोलादासाठी ११००° से. च्या वर जावे लागते व तेथे तेल, ग्रॅफाइट अशी नेहमीची वंगणे कुचकामी ठरतात. फ्रान्समध्ये झाक सेझूर्ने यांनी १९४० च्या दशकात त्यासाठी चक्क काच वापरली. मुद्रेसमोर ठेवलेली काचेची गादी तप्त लगडीच्या स्पर्शाने वितळते व धातूवर पातळ थर होऊन सरकते. तो थर घर्षण कमी करतो आणि मुद्रेचे उष्णतेपासून रक्षणही करतो. भारतात हैदराबाद येथील न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स (स्थापना १९७१) या संस्थेत अणुभट्ट्यांतील इंधनासाठी लागणाऱ्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या नळ्या करताना पहिला टप्पा उष्ण बहिःसारणाचाच असतो.

लागणारा दाब लगडीचा छेद आणि वस्तूचा छेद यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढतो असे स्थूलमानाने मानतात. पात्राच्या भिंतीशी होणारे घर्षण त्यात भर घालते. ते टाळण्यासाठी लगड स्थिर ठेवून मुद्राच तिच्यात दाबण्याची उलटी पद्धतही वापरली जाते. तीत धातू दट्ट्याच्या गतीच्या विरुद्ध दिशेने बाहेर येतो.

प्लॅस्टिक : पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकाचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये लागला व दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलींवर त्याचे आवरण देण्यात आले, गटापर्चाची जागा अशा रीतीने प्रयोगशाळेतील पदार्थाने घेतली. मळसूत्री यंत्रातून बाहेर येणाऱ्या पातळ नळीत हवा भरून ती फुग्यासारखी फुगविली की पिशव्यांसाठी लागणारा तलम पत्रा मिळतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये ज्यांच्यावर बंदी घातली त्या पिशव्या अशाच तयार होतात. जळगावसारख्या ठिकाणी निघणाऱ्या ठिबक सिंचनाच्या नळ्याही त्याच यंत्रातून येतात. एकाच यंत्राची एक मुद्रा नाला तुंबविणारी वस्तू घडविते आणि दुसरी पाणी वाचविणारी.

१९८० च्या दशकाअखेर अमेरिकेत स्कॉट क्रंप यांनी प्लॅस्टिकची तार तापवून बारीक तोटीतून सोडणारे आणि थरावर थर रचून वस्तू उभी करणारे यंत्र तयार केले. त्रिमितीय मुद्रणाच्या या पद्धतीत बहिःसारणाचा जुना नियम मोडला जातो : छेद लांबीभर कायम राहण्याचे बंधन उरत नाही, कारण तोटीच हवी तशी फिरते. वास्तुशिल्प व यंत्ररचना यांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय आरेखनातही ‘एक्स्ट्रूड’ अशी एक आज्ञा असते. पडद्यावर काढलेल्या सपाट आकृतीला ती दिली की आकृती लंब दिशेने वाढून घनाकृती बनते. तेथे पात्र नसते, दाब नसतो आणि काही लोटलेही जात नाही. आकृती जणू वर ओढलीच जाते.